एका दिव्यासाठी अख्खा टीव्ही

आवाज येतो, चित्र येत नाही. हल्ली टीव्ही बिघडल्याची तक्रार बऱ्याचदा अशीच असते. मेकॅनिक खोलीतला दिवा घालवतो, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरतो आणि त्या उजेडाच्या गोलात निवेदिकेचा चेहरा अंधुक हलताना दिसतो. म्हणजे चित्र शाबूत आहे, त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला आहे. पडद्यामागच्या पट्टीवर शर्टाच्या बटणाएवढे दिवे असतात, त्यातला एखादा जळलेला असतो. त्याची किंमत काही रुपये. तरी घरात लगेच चर्चा सुरू होते ती नवा टीव्ही घेण्याची, आणि तिला एक ठरलेला हिशेब असतो: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की जुना काढायचा. हिशेब शहाणपणाचा वाटतो. पण त्यातला दुरुस्तीचा आकडा कुठून येतो, हे सहसा कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात टीव्ही आल्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. या काळातला दुरुस्तीचा धंदा नीट पाहिला तर दिसतं की तो आकडा मेकॅनिकच्या मजुरीने कधीच ठरला नाही आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीनेही ठरला नाही. बिघाड झाला की बदलावा लागणारा सर्वांत लहान तुकडा केवढा, यावर तो ठरत आला. तो तुकडा मोठा होत गेला, आणि ‘दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा’ हा प्रश्न घरात पोचण्याआधीच कारखान्यात सुटू लागला.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. त्या वेळचा टीव्ही म्हणजे पगारदार माणसाच्या काही महिन्यांच्या पगाराची वस्तू. तो बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी फी भरावी लागे. संच बनवणारे मात्र पुष्कळ होते. हैदराबादच्या सरकारी ईसीआयएलचा ईसी टीव्ही, टाटांचा नेल्को, टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन, डायनोरा अशी किती तरी नावं. सरकारी धोरणाचा कल लघुउद्योगांकडे होता, त्यामुळे छोट्या छोट्या कारखान्यांत संचांची जुळणी होई. पिलानीच्या सीरी या प्रयोगशाळेने संचाचा आराखडा तयार करून उद्योगांना दिला होता, आणि कृष्णधवल पिक्चर ट्यूब बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनत होती. याचा एक परिणाम कोणी ठरवून घडवलेला नव्हता, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तो फार मोलाचा ठरला. बाहेरच्या लाकडी पेटीवरचं नाव वेगळं असलं तरी आतली मांडणी एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशी असे. एका कंपनीच्या संचावर हात बसलेला माणूस दुसऱ्या कंपनीचा संच बिनधास्त उघडी. अनेक संचांबरोबर सर्किटचा नकाशा मिळे, आणि मिळाला नाही तर अशा नकाशांची जाडजूड पुस्तकं बाजारात होती. संच कसा चालतो हे ज्ञान कंपनीच्या कपाटात बंद नव्हतं.

सुरुवातीच्या बऱ्याच संचांत व्हॉल्व्ह होते, आणि त्यातला एक बिघाड पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पीसीएल, पीएल, पीवाय अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हच्या तारा एकामागून एक जोडलेल्या असत, दिव्यांच्या माळेसारख्या. त्यातल्या एका व्हॉल्व्हची तार तुटली की सगळे विझत आणि संच पार मेल्यासारखा वाटे. मेकॅनिक मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढी, एकेक व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपटून त्याच्या पिनांवर मीटर लावी, तुटलेला सापडला की नवा खोची, आणि सगळी माळ पुन्हा तांबूस उजळे. दोष शोधायला जेवढं डोकं लागे, तेवढीच दोषापर्यंतची वाट मोकळी होती. इतर दोषही पडद्यावर उघड बोलत. मधोमध एकच आडवी झगझगीत रेघ उरली की व्हर्टिकल गेलं, आणि आधी ब्राइटनेस उतरवायचा, नाहीतर ती रेघ ट्यूबच्या लेपावर कायमची भाजली जाते. चित्र वर सरकत राहिलं तर एक कारण, मुंग्या आल्या तर दुसरं, माणसाशेजारी त्याचं भूत उभं राहिलं तर अँटेना आणि समोरची उंच इमारत. शेजारच्या घरातल्या लोकांनाही यातलं थोडंफार कळत असे. वस्तूचं आजारपण कळणारा समाज ती वस्तू सहजासहजी टाकत नाही, असं मला वाटतं. गरिबीइतकंच हेही दुरुस्तीचं कारण होतं.

१९८२ मध्ये स्वातंत्र्यदिनापासून रंगीत प्रक्षेपण आलं, त्याच हिवाळ्यात दिल्लीचे आशियाई खेळ झाले. १९८४ मध्ये जवळजवळ रोज एक प्रक्षेपक उभारण्याचा धडाका लागला. मग हम लोग, आणि जानेवारी १९८७ पासून रविवार सकाळचं रामायण. टीव्ही तालुक्याला पोचला, आणि त्याच्या मागोमाग दुरुस्तीचं दुकानही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक रेडिओ आणि टीव्ही’ हा वेगळा व्यवसाय शिकवला जाई. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड होता, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली होती. जिल्ह्याच्या गावचा दुकानदार आठवड्याची यादी घेऊन एस.टी.ने यायचा आणि संध्याकाळच्या गाडीला परतायचा. त्या यादीत बीयू २०८ हा ट्रान्झिस्टर असणारच, कारण रंगीत संचाच्या पिक्चर ट्यूबला लागणारा पंचवीस हजार व्होल्टच्या घरातला दाब तयार करणाऱ्या भागावर सगळ्यात जास्त ताण पडे आणि तिथलाच माल उडे. त्याच्या जोडीला एलओटी हा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे ईएचटी म्हणत. ट्यूब हा सगळ्यात महाग भाग. ती म्हातारी झाली की चित्र फिकं पडे, सकाळी लावल्यावर अर्ध्या तासाने चेहरे ओळखू येत. त्यावरही उपाय होता. मेकॅनिक एलओटीच्या गाभ्याभोवती साध्या वायरचे एकदोन जादा वेढे घेई आणि तो दाब ट्यूबच्या हीटरला देई. सहा पूर्णांक तीन व्होल्टवर चालणारा हीटर जरा जास्त तापे, ट्यूबमध्ये उरलेला जीव बाहेर येई, आणि संच आणखी एकदोन दिवाळ्या बघे. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात हा इलाज छापलेला नव्हता. हातभर वायर एवढाच त्याचा माल, बाकी सगळं ज्ञान. टीव्हीतला सर्वांत महाग तुकडासुद्धा बदलल्यावाचून सावरता येत होता, याचा हा पुरावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं टंचाईचं अर्थशास्त्र होतं. परवाना राज्यात नवी वस्तू महाग होती म्हणून लोक जुनी दुरुस्त करत होते. बाजार खुला झाला, वस्तू स्वस्त झाली, दुरुस्ती आपोआप मागे पडली. आक्षेपात तथ्य आहे, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. बाजार खुला झाला १९९१ मध्ये. त्याच वर्षी आखाती युद्धाच्या बातम्यांबरोबर उपग्रह वाहिन्यांचं वेड आलं, १९९२ मध्ये झी सुरू झालं, गल्लीगल्लीत केबलवाले आले. दशकाच्या मध्यावर अकाईच्या नावाने ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनांची आतषबाजी झाली. सॅमसंग आणि एलजी आले, किमती घसरल्या. टंचाईचा सिद्धांत खरा असता तर २००० साली दुरुस्तीची दुकानं ओस पडायला हवी होती. घडलं उलटं. केबलच्या वाहिन्या वाढल्या आणि बारा वाहिन्यांच्या गोल खटक्याच्या जुन्या संचांना ट्यूनर किंवा कन्व्हर्टर बसवण्याचं नवं काम निघालं. शहरात योजनेत दिलेले संच दुरुस्त होऊन लहान गावांत, वस्त्यांत विकले जाऊ लागले. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता, २०११ मध्ये ४७.२ टक्के घरांत. म्हणजे नवा टीव्ही स्वस्त झाल्यानंतरही, ज्या घरात तो पहिल्यांदाच येत होता अशी कोट्यवधी घरं होती, आणि त्यांच्यासाठी नवा आणि जुना यांच्या मधली एक मोठी पायरी दुरुस्तीवाल्यांनी उभी ठेवली होती.

त्या पायरीचं नाव चायना किट. तोवर रंगीत संचाच्या आतली मांडणी बदलली होती. सुट्या भागांच्या जागी एकच मोठी आयसी आली, तिच्याशेजारी संचाच्या सगळ्या मापांची नोंद ठेवणारी छोटी मेमरी आयसी. कंपनीगणिक या आयसी वेगळ्या, आणि त्या सुट्या मिळणं कठीण. तुकडा मोठा होण्याची ही सुरुवात होती, आणि जाणकार मेकॅनिक तेव्हाच कुरकुरत होते. बाजाराने त्यावर तोड काढली. कोणत्याही रंगीत ट्यूबला चालेल असा अख्खा तयार बोर्ड, सोबत एलओटी आणि रिमोट, लॅमिंग्टन रोडवर मिळू लागला. मेकॅनिक जुनी चासी काढून टाकी, हा बोर्ड बसवी, ट्यूबच्या मानेवरच्या यॉक या वेटोळ्याशी जुळवून घेई, आणि पंधरा वर्षांचा संच नव्या रिमोटवर चालू लागे. काही जुन्या मेकॅनिकांना ही दुरुस्ती वाटत नव्हती, दोष शोधायची अक्कलच यात लागत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. तक्रार रास्त होती. तरी एक गोष्ट किटने जपली. ट्यूब, म्हणजे संचाच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा, तिच्या जागी राहिली. बदलायचा तुकडा वाढला होता, पण तो अजून अख्ख्या संचापेक्षा बराच लहान होता आणि कंपनीच्या परवानगीशिवाय कोणालाही विकत घेता येत होता. जुना संच जगवायचा की नाही हे अजून घरातली माणसंच ठरवत होती.

मग ट्यूबच संपली. याचा सगळ्यात ठसठशीत दाखला मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यात आले. जगातल्या मोठ्या कंपन्या काचेच्या ट्यूबमधून बाहेर पडत होत्या आणि आपल्या मातीतली एक कंपनी त्यात शिरत होती. भारतात आणि गरीब देशांत काचेचा टीव्ही अजून बरीच वर्षं विकला जाईल हा तिचा अंदाज समजण्यासारखा होता, कारण आपल्याकडची मागणी खरोखर होती. पण चपटा पडदा फार वेगाने स्वस्त झाला. काही वर्षांतच ट्यूब बनवणाऱ्या भट्ट्या एकामागून एक थंडावल्या. नवी ट्यूब मिळेनाशी झाली तसा चायना किटचाही आधार गेला. शेवटचा एक दिलासा सरकारी निर्णयातून मिळाला, तोही नकळत. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत पुढच्या मार्चअखेर केबलचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. जुने टीव्ही आता भंगारात जाणार असं बोललं गेलं. पण सेट-टॉप बॉक्समधून निघणारी पिवळी, पांढरी, लाल पिनांची वायर जुन्या काचेच्या संचालाही लागत होती. बाहेरून लावायची एक डबी मिळाली म्हणून लाखो संच आणखी काही वर्षं चालले. नवं तंत्रज्ञान आलं की जुनी वस्तू आपोआप मरते असं नाही. जोडायची जागा उघडी ठेवली की ती टिकते.

चपट्या पडद्याच्या टीव्हीत ती जागा बंद झाली. सुरुवातीला सांगितलेला बिघाड आता त्या व्हॉल्व्हच्या शेजारी ठेवून बघा. पडद्यामागचे दिवेही एकामागून एक जोडलेले असतात, पुन्हा माळच. एक उघडा पडला की पट्टी विझते, किंवा रक्षक सर्किट सगळा उजेड बंद करतं. दोष तोच, मीटरने शोधायची रीतही जवळपास तीच, आणि जळलेला तुकडा व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी स्वस्त. फरक फक्त वाटेचा. व्हॉल्व्हपर्यंत जायला चार स्क्रू आणि पुठ्ठ्याचं झाकण होतं. दिव्यापर्यंत जायला पडद्याची पातळ काच अलगद उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि तिच्या कडेला बारीक तारांच्या, फोटोच्या फिल्मसारख्या पट्ट्या चिकटलेल्या असतात. एक पट्टी दुमडली किंवा काचेला केसाएवढा तडा गेला की पॅनेल गेलं. पॅनेल म्हणजे संचाच्या किमतीतला सर्वांत मोठा हिस्सा. त्याची मूळ काच भारतात आजही बनत नाही, ती बाहेरून येते, आणि सुटी विकत घ्यायला गेलं तर नव्या टीव्हीच्या जवळपास पैसे पडतात. काही रुपयांच्या दिव्यासाठी हजारो रुपयांच्या काचेची जोखीम घ्यायची, म्हणून बरेच मेकॅनिक हात लावायला नाही म्हणतात आणि सर्व्हिस सेंटर अख्खा डिस्प्ले बदलण्याचा आकडा लिहून देतं. घरातल्या हिशेबातला दुरुस्तीचा खर्च तो हा. दिवा पाठीमागून उघडणाऱ्या झाकणाखाली ठेवला असता तर आकडा कितीतरी कमी आला असता. तसा तो ठेवला नाही, कारण टीव्ही बोटाएवढा जाड हवा होता आणि कारखान्यात तो लवकर जुळायला हवा होता.

मजुरी वाढल्यामुळे दुरुस्ती परवडत नाही, असंही म्हटलं जातं. युरोप-अमेरिकेबद्दल हे खरं असेल. पण आपल्याकडे कारागिराचा तास अजूनही फार स्वस्त आहे, आणि ही लाज वाटावी इतकी खरी गोष्ट आहे. मजुरीवरच सगळं ठरत असतं तर जगात दुरुस्ती सर्वांत शेवटी भारतात संपायला हवी होती. ती इथेही झपाट्याने आटते आहे, यावरून मुख्य कारण मजुरी नाही हे दिसतं. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुना काचेचा टीव्ही वीज खातो. २१ इंची रंगीत संचाला साधारण ८० ते १०० वॅट लागत, ३२ इंची एलईडी टीव्ही त्याच्या निम्म्यात भागवतो. रोज चार तास धरले तर वर्षाला सत्तरेक युनिटांचा फरक पडतो. काचेचा टीव्ही आता जगवावा असं मी म्हणणार नाही. त्याच्या काचेतल्या शिशाचं काय करायचं हा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही. यॉक आणि डिगॉसिंग कॉइलमधलं तांबं भंगारवाल्याला हवं असतं, काच नको असते. पूर्वी जुनी ट्यूब वितळवून नव्या ट्यूबची काच करता येई, ट्यूबचे कारखाने गेले तसा हा मार्गही गेला. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि उत्पादकावर जबाबदारी आली, पण तोवर बरीच काच नाल्यांच्या कडेला पोचली होती. आणि विजेचा युक्तिवाद एका पिढीपुरताच लागू पडतो. पाच वर्षांच्या एलईडी टीव्हीच्या जागी नवा एलईडी टीव्ही आणला तर वीज फारशी वाचत नाही, आणि टाकलेलं पॅनेल मात्र तेवढंच कचऱ्यात जातं.

आणखी एक गोष्ट उत्पादकांच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे: आजचे टीव्ही जुन्या संचांपेक्षा कमी वेळा बिघडतात. एलओटी उडणं, ड्राय सोल्डर, पावसाळ्यात दमट हवेने होणारी तडतड, हे सगळं गेलं. पण कमी बिघडणं आणि बिघडल्यावर सावरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या बदल्यात दुसरी द्यावीच लागते असं तंत्रात कुठेही नाही. आजच्याही टीव्हीत पॉवर सप्लायचा बोर्ड आणि मेन बोर्ड मागचं झाकण काढताच हाताला लागतात. फुगलेला कपॅसिटर बदलून टीव्ही चालू करणं आजही दहा मिनिटांचं काम आहे. म्हणजे जिथे वाट मोकळी ठेवली तिथे दुरुस्ती जिवंत आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला मिळाव्यात अशी त्यामागची भूमिका आहे. योग्यच आहे. पण टीव्हीच्या बाबतीत सुट्या भागाचं नाव ‘डिस्प्ले असेंब्ली’ असंच राहिलं तर तो हक्क नवा टीव्ही विकत घेण्याच्या हक्काहून फारसा वेगळा उरणार नाही. भाग केवढा, हे आधी विचारलं पाहिजे.

लॅमिंग्टन रोडवर आणि तापकीर गल्लीत त्याचं उत्तर हातांनी शोधणं चालू आहे. फुटक्या पडद्याचे संच तिथे बोर्डांसाठी विकत घेतले जातात, आणि जळक्या बोर्डांचे पडद्यासाठी. पॅनेलच्या कडेच्या फिल्मसारख्या पट्ट्या पुन्हा चिकटवायची बाँडिंगची यंत्रं काहींनी आणली आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली ते काम चालतं. आणि दिव्याची पट्टी बदलणारे तर पुष्कळ आहेत. दोघं मिळून, रबरी कप लावून काच उचलतात. मागचे प्लास्टिकचे पापुद्रे जसेच्या तसे, धूळ न लागता बाजूला ठेवतात. एकच दिवा गेलेला असला तरी बहुतेक जण सगळ्या पट्ट्या बदलतात, कारण बाकीचे दिवेही तितकेच तापलेले असतात आणि काच पुन्हा उचलायची वेळ कोणालाच नको असते. मग जाणता मेकॅनिक आणखी एक काम करतो. दिव्यांना प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटातला एखादा रेझिस्टर काढून तो प्रवाह थोडा कमी करतो. दुकानात टीव्ही झगझगीत दिसावा म्हणून दिवे मुळात फार जोरात चालवलेले असतात आणि त्यामुळेच लवकर जळतात, हे त्याला ठाऊक असतं. पूर्वीचा मेकॅनिक वायरचे दोन वेढे वाढवून ट्यूबला थोडं जास्त जगवायचा, हा प्रवाह उतरवून तेच करतो. घरी नेल्यावर गिऱ्हाईक कधीकधी फोन करतं की चित्र पहिल्यापेक्षा जरा मंद वाटतंय. ते मंद केलेलंच असतं.